ऑर्किडचे पिल्लू मातृवनस्पतीपासून केव्हा वेगळे करावे : मुळांच्या निकषाचा विचार

प्रस्तावना :

ऑर्किडेसी अर्थात आमर कुळातील वनस्पतींचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात भ्रूणपोष नसल्यामुळे निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या साहचर्याशिवाय रुजत नाही. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने शर्करायुक्त माध्यमावर बुरशीविना बी रुजवून दाखविले आणि १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियमच्या अग्रस्थ ऊतींपासून रोपे वाढविली. तथापि या दोन्ही मार्गांना निर्जंतुक प्रयोगशाळा लागते. ती नसेल तेथे फॅलेनॉप्सिस व डेंड्रोबियम या प्रजातींच्या अंगावर आपोआप येणारे पिल्लू हाच अभिवृद्धीचा सुलभ मार्ग ठरतो. हवाई बेटांच्या भाषेत मुलाला ‘केइकी’ म्हणतात. तोच शब्द या पिल्लांसाठी जगभर रूढ झाला आहे. महाविद्यालयीन उद्यानात अशी झाडे बहुधा एक-दोनच असतात. त्यामुळे पिल्लू वेगळे करण्याचा निर्णय चुकल्यास हाती असलेले साहित्यच कमी होते.

पिल्लाची उत्पत्ती :

फॅलेनॉप्सिसमध्ये पुष्पदंडाच्या पेरांवर सुप्त कळ्या असतात. त्यांपासून सामान्यतः फुलांची उपशाखा निघते. परंतु सायटोकायनिन या संप्रेरकाचा प्रभाव वाढल्यास तेथे पाने फुटतात. बेंझिलअॅडेनिनयुक्त मलम पेरावर लावून पिल्लू मिळविता येते, ते याच तत्त्वावर. नोबिले गटातील डेंड्रोबियममध्ये हिवाळ्यात पाणी व नत्र कमी केले नाही, तर फुलांऐवजी खोडाच्या पेरांवर पिल्ले येतात. पिल्लू म्हणजे झाडाच्या सुदृढतेचे लक्षण, हा समज म्हणूनच सर्वस्वी खरा नाही. कधी ते व्यवस्थापनातील चूक दर्शविते, तर कधी शेंडा कुजलेल्या झाडाची ती अखेरची धडपड असते.

मुळांचा निकष :

पिल्लाला तीन-चार पाने आली की ते स्वतंत्र झाले, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः ही पाने मातृवनस्पतीने पुष्पदंडातून पुरविलेल्या पाण्यावर वाढलेली असतात. त्यांवरून पिल्लाच्या स्वयंपूर्णतेचा अंदाज येत नाही. केळीच्या मुनव्यांचा अनुभव येथे आठवावा. तेथेही रुंद पानांचा, दिसायला भरदार मुनवा टाळून तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा लागवडीसाठी निवडतात. पानांचा डौल दोन्हीकडे फसवा ठरतो.

ऑर्किडच्या हवाई मुळावर व्हेलामेन हे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी चटकन शोषून घेते. कोरडे असताना ते रुपेरी आणि ओले झाल्यावर हिरवट दिसते. पिल्लाला स्वतःची किमान दोन-तीन मुळे असावीत, ती सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर लांब असावीत आणि त्यांची टोके हिरवी वा तांबूस, म्हणजे वाढती असावीत. टोक सुकून बंद झालेले मूळ या मोजणीत धरू नये. यापेक्षा फार अधिक काळ थांबणेही हिताचे नसते, कारण लांबलेली मुळे कुंडीत वळविताना मोडतात. ती आधी थोडा वेळ पाण्यात भिजविल्यास लवचीक होतात. पाने भरपूर पण मुळे आखूड असतील, तर पिल्लाच्या बुडाशी ओलसर शेवाळ हलके बांधावे किंवा लहान कुंडी खाली टेकवून, नाळ न तोडता, मुळांना त्यात उतरू द्यावे.

विभाजनाची ही वेळ झाडावरून ठरते, दिनदर्शिकेवरून नव्हे. शाकीय अभिवृद्धीचे प्रात्यक्षिक वेळापत्रकात अमुक आठवड्यात आहे म्हणून पिल्लू कापले जाण्याचे प्रकार घडतात, ते शोचनीय आहेत. मुळे पुरेशी झाल्यावरही हवामान पाहावे लागते. विदर्भ-मराठवाड्यात मार्चमध्ये तयार झालेले पिल्लू कोरडा उन्हाळा संपेपर्यंत आईजवळच ठेवणे श्रेयस्कर. कोकणात पावसाळी आर्द्रता नव्या रोपाला मानवते. मात्र पानांच्या बेचक्यात साठलेले पाणी त्याला कुजविते, म्हणून छत हवेच.

अपवाद :

पुष्पदंड पिवळा पडून सुकू लागला, तर पुरवठा खंडित होत असल्याने मुळे अपुरी असली तरी पिल्लू काढावे लागते. अशा वेळी दोन्ही बाजूंनी दंडाचा २-३ सेंटिमीटर तुकडा ठेवून कापावे व पिल्लू दमट, सावलीच्या जागी ठेवावे. याच्या नेमके उलट प्रकरण म्हणजे शेंडा कुजल्यावर बुडाशी आलेले पिल्लू. ते मातृवनस्पतीच्या जिवंत मुळांवरच पोसले जात असते. त्यास वेगळे न करता जुन्या झाडाची जागा घेऊ द्यावी.

विषाणूंचा प्रश्न :

पिल्लू ही मातृवनस्पतीची जनुकीय प्रतिकृती असते, आणि बहुधा तिच्या रोगांची वारसदारही. सिंबिडियम मोझॅक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू पात्याला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. त्यांवर उपचार नाही. एकाच पात्याने वर्गातील सर्व झाडे कापल्यास एका रोगट झाडाचा संसर्ग संपूर्ण संग्रहात पसरू शकतो. म्हणून प्रत्येक झाडागणिक पाते ज्योतीवर तापवून घ्यावे अथवा नवे वापरावे. पानांवर ठिपके, वलये वा पट्टे असलेल्या संशयित झाडाचे पिल्लू, त्याची मुळे कितीही उत्तम असली तरी, विद्यार्थ्यांना वाटू नये.