धावणारी इंग्रजी, चालणारी मराठी

शाळेत आपण सगळ्यांनीच ‘रन म्हणजे धावणे’ असे घोकलेले असते. शब्द साधा, अगदी पहिल्या पुस्तकातला. पण एवढी एकच शिदोरी घेऊन इंग्रजी वर्तमानपत्र उघडले की पंचाईत होते. तिथे सर्दीने नाक ‘रन’ करते, नळ ‘रन’ करतो. दुकान, यंत्र, नाटकाचे प्रयोग सगळ्यांना हाच शब्द. प्रत्यक्षात धावत कुणीच नसते!

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४पासून भागाभागाने निघाला आणि १९२८ साली पुरा झाला. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक जागा ‘सेट’ या शब्दाने अडवली होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! ते लावायला पीटर गिलिव्हर या कोशकारांना नऊ महिने लागले. पाणी वाहण्याचा अर्थ या शब्दात मुळापासून होता. मग गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, संगणक आला आणि प्रत्येकाने याच शब्दाला कामाला लावले.

मराठीने हे ओझे वाटून घेतले आहे. नाक वाहते, कापडाचा रंग जातो, दूध संपते, जुना मित्र अवचित भेटतो. आगगाडी तेवढी दोन्हीकडे धावते. एरवी इंग्रजी जिथे धावते, तिथे आपण बहुधा चालतो. घड्याळ चालते, कारखाना चालतो, एखाद्या बाईच्या शिवणकामावर अख्खे घर चालते. माझ्या घरच्या दखनीतही दुकान चालतेच, धावत नाही. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. क्रिकेटमध्ये मात्र आपण ‘रन’ची सरळ ‘धाव’ केली. चौकार मारणारा जागचा हलला नाही, तरी त्याच्या नावावर चार धावा!

आपल्याला ही गंमत वाटते. पण घरात इंग्रजीचे एकही पुस्तक नसलेल्या मुलाने ‘नळ धावतो’ असे भाषांतर केले की वहीवर लाल फुली पडते, आणि आपले डोकेच चालत नाही, असे त्याला वाटू लागते. डोके छान चालते हो त्याचे. एका शब्दाला एकच अर्थ लावून देणारी ती पाठांतराची यादी तोकडी आहे. त्याला आधी विचारावे, ‘बाळ, तुझ्या बोलण्यात काय काय चालते?’ तो भराभर सांगेल : पंखा चालतो, शाळा चालते, आजोबांचा दम्याचा औषधोपचार चालतो. ‘चहा नसला तर दूध चालेल’ असेही म्हणेल. या ‘चालेल’ला पाय नाहीत, हे त्याला कुणी शिकवलेले नसते, आणि इथे इंग्रजीचा तो ६४५ अर्थांचा ‘रन’ही कामाला येत नाही.