लहरींची घडण (भाग ७) : निम्म्या वारंवारतेची गळती

मागच्या भागात आपण फेज-लॉक लूप पाहिला. लूप कितीही नीट बसवला, तरी १० गिगाहर्ट्झच्या सिंथेसायझरचे आउटपुट स्पेक्ट्रम ॲनलायझरला जोडले की पुष्कळदा बरोबर निम्म्या वारंवारतेवर आणखी एक रेष उभी दिसते. हे सबहार्मोनिक. लूप फिल्टरमधले रेझिस्टर-कपॅसिटर बदलून ते जात नाही, कारण त्याचा उगम लूपमध्ये नसतोच.

तो असतो वारंवारता दुप्पट करण्यात. ॲनलॉग डिव्हायसेसची एडीएफ५३५५ ही चिप घ्या. तिचा ऑसिलेटर ३.४ ते ६.८ गिगाहर्ट्झ एवढाच चालतो, ६.८ ते १३.६ गिगाहर्ट्झचे आउटपुट त्याला दुप्पट करून मिळते. समतोल डबलरमध्ये एकमेकींच्या उलट फेजच्या दोन लहरी घेतात. त्यांत मूळ वारंवारता खोडली जाते आणि दुप्पट वारंवारतेची बेरीज होते. पण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कधीच नसतात. एका बाजूचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी पडले, तर मूळ लहर जेमतेम २६ डेसिबल दबते. उरलेली बाहेर पडते.

याने बिघडते काय? हौशी रेडिओवाले १०,३६८ मेगाहर्ट्झवरचा क्षीण संकेत १४४ मेगाहर्ट्झवर उतरवून ऐकतात. त्यासाठी मिक्सरला १०,२२४ मेगाहर्ट्झ लागतात. त्यासोबत ५,११२ मेगाहर्ट्झही आत शिरले, तर मिक्सर ५,२५६ मेगाहर्ट्झवरची ऊर्जासुद्धा त्याच १४४ वर आणून टाकतो. तिथे वाय-फायचा ५२ क्रमांकाचा चॅनेल आहे. अँटेनाकडून ती वारंवारता अडवली नसेल, तर शेजारचा राउटर थेट रिसीव्हरमध्ये गोंगाट करू लागतो.

अशा एकाच वारंवारतेच्या कामासाठी मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे पोकळ आयताकृती नळी, वेव्हगाइड. डब्ल्यूआर-९० ची आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर असते. त्यामुळे ६.५६ गिगाहर्ट्झच्या खालची लहर तिच्यातून प्रवासच करू शकत नाही, ती आत शिरताच विरत जाते. गणित केले तर ५,११२ मेगाहर्ट्झसाठी दर मिलिमीटरला सुमारे पाऊण डेसिबल घट येते, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या तुकड्यात ३७ डेसिबल. १०,२२४ ला मात्र तिथे जवळजवळ काहीच अडथळा होत नाही. ट्यूनिंगचे स्क्रू नकोत, महाग भाग नकोत. दोन टोकांना कोॲक्स जोडणारे ॲडॅप्टर नीट बसले की काम होते.

पण अडवलेली लहर शोषली जात नाही, ती परावर्तित होऊन मागे येते. म्हणून चिप आणि नळी यांच्यामध्ये तीन डेसिबलचा ॲटेन्युएटर ठेवावा. ॲम्प्लिफायर लावायचा तर नळीनंतरच. आधी लावला, तर त्यात दोन्ही वारंवारता मिसळून १५,३३६ मेगाहर्ट्झचे नवे अपत्य जन्मते, आणि त्याला ही नळी अडवत नाही. ही चूक फार सर्रास होते. फिल्टर उत्तम असूनही आकडा सुधारत नसेल, तर झाकण तपासा: ५ गिगाहर्ट्झची लहर फिल्टरला वळसा घालून डब्यातल्या हवेतूनही जाते. डब्याची आतली रुंदी २९ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली, तर डबाच तिला रोखू लागतो.

खरी अडचण रुंद पट्ट्याच्या सिंथेसायझरची. आउटपुट १३.६ असताना जे ६.८ गिगाहर्ट्झ कापायचे, तेच दुसऱ्या वेळी हवे असते. एक स्थिर फिल्टर इथे निरुपयोगी. मग स्विचने बदलणारे अनेक फिल्टर लागतात, किंवा चुंबकीय क्षेत्राने ट्यून होणारा यिट्रियम-आयर्न-गार्नेटचा फिल्टर. तो अतिशय निवडक असतो, पण मंद आणि विजेचा खादाड. म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एलएमएक्स२५९४ चा मार्ग मला जास्त पटतो. तिचे ऑसिलेटर स्वतःच ७.५ ते १५ गिगाहर्ट्झवर चालतात. डबलर नाही, त्यामुळे निम्म्या वारंवारतेची रेषही नाही. चिपला मोजलेले जास्तीचे पैसे फिल्टरच्या अख्ख्या पेटीत वाचतात.