नव्या वेब-ॲपचा आयता सांगाडा

स्टार्टर टेम्प्लेट: फोल्डर, सेटिंग्ज आणि नमुना कोड आधीच मांडून ठेवलेला प्रकल्प. फ्रेमवर्क वेगळं, ते ॲप चालतं तोवर सोबत राहतं.

घरचं उदाहरण: मुंबईत घडलेलं मुक्तस्रोत फ्रेमवर्क 'फ्रॅपे'. पायथन, जावास्क्रिप्ट, मारियाडीबी. 'बेंच न्यू-ॲप' ही आज्ञा दिली की शीर्षक, वर्णन, प्रकाशक, ईमेल, परवाना असे प्रश्न येतात. उत्तरं दिली की सांगाडा तयार. 'न्यू-साइट'ने साइट आणि डेटाबेस उभा राहतो, 'इन्स्टॉल-ॲप'ने ॲप त्या साइटवर बसतं. 'ईआरपीनेक्स्ट' हे व्यवसाय सांभाळणारं सॉफ्टवेअर याच पायावर उभं आहे.

इतरत्र: रेल्स (२००४) आणि जँगो (२००५) या फ्रेमवर्कमध्येही सांगाडा उभारणारी अशीच आज्ञा. रिॲक्टसाठी सांगाडा देणारं 'क्रिएट रिॲक्ट ॲप' २०१६चं. फेब्रुवारी २०२५मध्ये नव्या प्रकल्पांसाठी अधिकृतपणे बाद. जुन्या धड्यांत मात्र ते अजून हमखास भेटतं.

नगरकरांसाठी: अहमदनगर जिल्हा २०२४मध्ये अहिल्यानगर झाला. टेम्प्लेटसोबत आलेल्या आयत्या जिल्हा-यादीत जुनं नाव असू शकतं. वाहनांचे संकेतांक तेच राहिले: नगर एमएच-१६, श्रीरामपूर एमएच-१७. नोंदी नावाऐवजी संकेतांकाने जोडल्या, तर नामांतरानंतर प्रत्येक नोंद बदलावी लागत नाही.

टेम्प्लेटमधला नमुना पासवर्ड आणि गुप्त किल्ली ॲप सुरू करण्याआधी बदला.