सातबारा उलटा वाचताना

वतनी जमिनीचा सातबारा उलटा वाचायचा असतो. शिरोळला एक निवृत्त महसूल कर्मचारी कुरुंदवाडकडच्या एका जमिनीचा माग काढत होते, तेव्हा ही रीत जवळून पाहिली. उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही उघडायची. तिथं वारस, वाटणी, गहाण सापडतं. मग त्याआधीचा फेरफार. असं मागं जाता जाता बॉलपेनची अक्षरं संपतात, टाकाची लागतात आणि पुढं मोडी. त्यांचं बोट मात्र आधी ‘इतर हक्का’वर गेलं. “आधी शर्त बघायची, नावं मागनं.”

शर्त पाटीलकीची होती. पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली. ठरलेली रक्कम भरल्यावर जमीन त्याच घराला परत मिळाली, पण भोगवटादार वर्ग 2 म्हणून. विकायची तर कलेक्टरची परवानगी लागायची, नजराणा लागायचा. 2002 पासून शेतीसाठी विकताना आधी परवानगी लागत नाही, बिगरशेतीसाठी मात्र लागते.

या पाटीलकीच्या वर कुरुंदवाडचं पटवर्धनी संस्थान होतं. हरभट पटवर्धनांचे पुत्र त्रिंबकराव यांच्या घराण्याकडं पेशव्यांचा सरंजाम होता. पथक बाळगायचं, त्याच्या खर्चाला गावांचा वसूल खायचा. सरंजाम मूळचा चाकरीपुरता. पण बापामागं मुलाच्या नावे तो चालू होत गेला आणि वसुलाबरोबर न्यायनिवाडाही घरातच राहिला. 1854 मध्ये थोरली आणि धाकटी पाती वेगळी झाली.

ही रीत एकट्या पेशव्यांची नव्हे. रोख पैसा नसला की राजे मुलूख देतात. पोर्तुगालच्या राजानं 1534 पासून ब्राझीलचा किनारा पट्ट्यापट्ट्यांनी वंशपरंपरेनं वाटला. वस्ती करणं, न्याय देणं, कर घेणं सगळं पट्टेदाराकडं. बरेचसे पट्टे फसले, तेव्हा 1549 मध्ये वर गव्हर्नर बसवावा लागला. इकडं वसई प्रांतात पोर्तुगीजांनी गावं खंडानं दिली, पुष्कळदा तीन पिढ्यांच्या बोलीवर. मुंबई बेटही काही काळ वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडं होतं.

कुरुंदवाड संस्थान 8 मार्च 1948 रोजी विलीन झालं. विलीन मुलखातल्या जहागिरी 1953 च्या कायद्यानं मोडल्या. संस्थानिकाचा अधिकार असा चटकन उतरला. गावातल्या वतनाला मात्र गटवार चौकशी, रक्कम, नवी नोंद असं सगळं लागलं आणि शर्त उरलीच. राज्य करणाऱ्याचं ओझं सहीनं गेलं. जमीन बिगरशेतीसाठी विकायची तर नांगर धरणाऱ्याच्या नातवाला आजही परवानगीचा अर्ज लिहून घ्यावा लागतो.