नऊ, नऊ, नऊ!

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेल नावाचे एक शहर आहे. तेथे कोठे आग लागली, की ९९९ या क्रमांकावर फोन करतात. आपल्याकडे अग्निशमन दलाला बोलावण्यासाठी १०१ किंवा ११२ हे क्रमांक आहेत.

असे सोपे क्रमांक पूर्वी नव्हते. १९३५ साली लंडनमधील विंपोल स्ट्रीट या रस्त्यावर एका डॉक्टरांच्या घराला आग लागली. समोर राहणाऱ्या गृहस्थांनी लगेच फोन उचलला. पण तेव्हा फोन जोडून देण्याचे काम माणसे करत. त्यांच्याकडे एकाच वेळी पुष्कळ फोन आले होते, त्यामुळे या गृहस्थांचा फोन रांगेत अडकला. त्या आगीत पाच स्त्रिया मरण पावल्या.

गृहस्थांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले. चौकशी झाली. आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ क्रमांक सुरू झाला. तो फिरवला, की केंद्रात लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. भोंगा इतका कर्कश होता, की तेथील लोकांनी त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबला, असे सांगतात!

मुलांनो, फोन करायचा तो मात्र घराबाहेर पडल्यावर. धूर झाला असेल, तर रांगत बाहेर या. गरम धूर वर चढतो, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. खाटेखाली लपू नका. धुरात तुम्ही कोणाला दिसणार नाही. फोनवर आधी पत्ता सांगा. मग लगेच फोन ठेवू नका. तुम्ही बोलत असतानाच दुसरे कोणीतरी बंब पाठवण्याच्या कामाला लागलेले असते.