कॅमेरा घेताना त्याचेही दात मोजा

नेकनूर किंवा हिरापूरच्या बाजारात बैल घ्यायचा तर आपण आधी त्याचं तोंड उघडतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती की जुळला, हे बघितल्याशिवाय कोणी रुमालाखाली हात घालत नाही. पण त्याच घरातला पोरगा लग्नाच्या फोटोंचा धंदा करायचा म्हणून जुना कॅमेरा घेऊन येतो, तेव्हा 'चांगला चालतोय ना?' एवढ्या एका प्रश्नावर व्यवहार मिटतो. पैसा मात्र सोयाबीनचा असतो, नाहीतर मुकादमाच्या उचलीतला.

शेतीच्या पानावर कॅमेरा कशाला, असं कोणी म्हणेल. आपला जिल्हा कोरडवाहू. एका पिकावर घर चालत नाही, म्हणून शिकलेली पोरं फोटो, व्हिडिओ, अल्बमच्या कामाला लागली आहेत. हाही शेळीपालनासारखाच जोडधंदा आहे. गावोगाव फिरताना बांधावर एकच प्रश्न येतो, 'साहेब, जुना मोठा घ्यावा का नवा मधला?' त्याचा हिशेब शेतकरी बंधूंपुढे मांडतो.

दोघांत फरक काय?

जुना मोठा म्हणजे कॅनन ५डी मार्क ३ (२०१२), ५डी मार्क ४ (२०१६) किंवा निकॉन डी७५० (२०१४) यांसारखा कॅमेरा. शहरातल्या फोटोग्राफरने नवं मॉडेल घेतलं की हे बाजारात येतात. नवा मधला म्हणजे कॅनन आर१० (२०२२), आर५० (२०२३) किंवा त्या जोडीचा.

मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे ज्या पट्टीवर चित्र उमटतं ती, ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. मधल्या कॅमेऱ्याची त्याच्या निम्म्याहूनही लहान. तोंड मोठं तेवढं विहिरीत पावसाचं पाणी जास्त, तसा मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त पडतो. रात्रीची वरात, मंडपातला मिणमिणता दिवा, अशा ठिकाणी मोठ्याचा फोटो स्वच्छ येतो, मधल्याच्या फोटोत दाणे दिसू लागतात.

दुसरा फायदा कार्डाचा. वर सांगितलेल्या जुन्या मोठ्यांत दोन कार्डं बसतात आणि एकच फोटो दोन्हीवर उतरवता येतो. आर१० आणि आर५० मध्ये एकच कार्ड. कार्ड खराब झालं तर अक्षता पुन्हा पडत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

मग नव्यात काय आहे? नवा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो. शिकाऊ पोराचे फोटो त्यामुळे कमी वाया जातात. व्हिडिओही सोपा जातो. वजन हलकं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पक्कं बिल आणि वॉरंटी.

शटर म्हणजे कॅमेऱ्याचे दात

प्रत्येक फोटोला आतला पडदा एकदा उघडतो आणि मिटतो. त्याला शटर म्हणतात. ५डी मार्क ३, मार्क ४ आणि डी७५० या तिघांच्या शटरचा कंपनीचा अंदाज दीड लाख फोटोंचा आहे. दीड लाखाला तो बंदच पडतो असं नाही. कोणाचा पुढे चालतो, कोणाचा आधीच जातो. पण हिशेबाला आकडा हाच धरायचा.

समजा, समोरच्या कॅमेऱ्यावर १ लाख १० हजार फोटो झालेत. उरले ४० हजार. हळद, लग्न, वरात धरून एका लग्नाला दोन हजार फोटो निघाले, तर उरली वीस लग्नं. म्हणजे एक चांगला हंगाम. त्यानंतर शटर बदलायचा खर्च आजच किमतीत धरा. तो धरूनही जुना स्वस्त पडत असेल तरच पुढं बोला.

निकॉनच्या मूळ फोटो फाईलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो, संगणकावर दिसतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तसा दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लावून किंवा सर्व्हिस सेंटरला दाखवून काढावा लागतो. विकणारा टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथंच सोडा.

घेण्याआधी एवढं बघाच

१) लेन्सचं छिद्र एफ १६ वर ठेवून निरभ्र आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. ओरखडा असेल तर नको.

२) लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून आलेल्या लेन्सला ती जास्त असते.

३) कॅमेऱ्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवा. बिल नाही तर माल नाही. चोरीचा निघाला तर पैसे जातातच, वर पोलीस ठाण्याच्या चकरा.

४) सुट्या भागांची चौकशी आधी करा. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले. त्यानंतर दोघींनी आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांचीच नवी मॉडेलं काढली. जुन्याचे भाग दरवर्षी दुर्मीळ होत जाणार.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. दसऱ्यानंतर निम्मं गाव उसाच्या फडावर जातं आणि पाडव्याच्या आगेमागे परततं. मग एप्रिल-मे मध्ये लग्नांची गर्दी. कमाईचे आठवडे मोजकेच. त्यात कॅमेरा बंद पडून मोठ्या शहरात दुरुस्तीला अडकला, तर सालाची कमाई गेली आणि घेतलेले ॲडव्हान्स परत करायची पाळी आली.

पैसा कुठून आणि कशावर?

कॅमेऱ्याची किंमत म्हणजे धंद्याची किंमत नव्हे. लेन्स, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, कार्डं, फोटो साठवायची हार्ड डिस्क, हे सगळं लागतं. माझं सांगणं असं, की हातातल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त नुसत्या कॅमेऱ्यात घालू नका. कॅमेरा लवकर जुना होतो, चांगली लेन्स वर्षानुवर्षं चालते. कॅननची १९८७ पासूनची ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आजच्या आर कॅमेऱ्यावर फोकससकट चालते. निकॉनची स्वतःची मोटर नसलेली जुनी लेन्स मात्र कंपनीच्या अडॅप्टरवर आपोआप फोकस करत नाही. म्हणून जुनं घ्यायचंच असेल तर जुनी लेन्स घेणं शहाणपणाचं.

पीककर्जाची रक्कम यात घालू नका. खत-बियाण्याला पैसा उरत नाही, आणि कर्ज थकलं की वेळेत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलतही जाते. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज बसतं. पण बँक दुकानाचं कोटेशन मागते. ओळखीच्या माणसाकडच्या जुन्या कॅमेऱ्याला ते कुठून आणणार?

मग घ्यायचा कोणता?

ज्याचं हे पहिलंच वर्ष आहे, हातात पाच-सात लग्नंही पक्की नाहीत, त्याने नवा मधला घ्यावा आणि त्याला एक चांगली जुनी लेन्स जोडावी. एकाच कार्डावर काम असल्याने हळदीला एक, लग्नाला दुसरं, असं कार्ड बदलत जावं आणि रात्री घरी आल्यावर झोपायच्या आधी फोटो उतरवून घ्यावेत.

ज्याच्याकडे आधीच एक चालू कॅमेरा आहे, रात्रीची कामं जास्त आहेत आणि शटरचा आकडा तपासता येतो, त्याने जुना मोठा खुशाल घ्यावा. एक बसला तर दुसरा हाताशी असतो. धंदा बसल्यावर मोठा सेन्सर आणि दोन कार्डं असलेला नवा, निकॉन झेड५ सारखा, बघता येईल. आणि ठरतच नसेल तर शहरात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन लग्नं भाड्याच्या कॅमेऱ्यावर करून बघा.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी दोन शब्द. ग्रामपंचायतीने या फंदात पडू नये. २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत फोटो मोबाईलच्या ॲपमधूनच काढावा लागतो. नुकसानीच्या पाहणीलाही ठिकाण आणि तारीख उमटलेला मोबाईलचा फोटो जास्त कामाचा. तिथं महागडा कॅमेरा काही जास्तीचं देत नाही, आणि बिलाशिवाय घेतलेला जुना कॅमेरा ऑडिटला उत्तर मागतो.

घरात कॅमेऱ्याचं बोलणं निघालं असेल तर येत्या हंगामाची पक्की लग्नं आधी कागदावर लिहून काढा. त्यांच्या कमाईतून कॅमेऱ्याचे निम्मे पैसे निघत नसतील, तर हे वर्ष भाड्यावर काढा आणि रब्बीचं बी-बियाणं आधी घरात आणा.