साधी सर्दी की आरएसव्ही?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत धुक्याचे दिवस आले की तान्ह्याला टोपडं, दुलई आणि ओव्याची पुरचुंडी ठरलेली. आरएसव्हीला त्याचं काही नाही. १९५६ साली चिंपांझींत प्रथम सापडलेला हा विषाणू दोन वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला गाठतोच. आधी नाक गळतं, मग खोकला. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. तरी दुलई सारून, बाळ शांत असताना, पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० किंवा त्याहून जास्त भरले, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडला, दूध ओढताना दम लागला, तर थेट दवाखाना, ताप नसला तरी. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. थोरल्याची उरलेली बाटली तर मुळीच नको.